नोत्र पेर शिकवणाऱ्या मादामांना

प्रिय मादाम,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुमचं घर तमिळ नि फ्रेंचमध्ये चालतं. मराठी तुम्ही ऐकलीत ती माझ्याच तोंडून. तरी मराठीतच लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या वसईच्या माणसांना कळायला हवं. तुम्हाला बाकावर बसून वाचून दाखवीनच.

पाँडिचेरीत आले तेव्हा मला चर्चचं नाव धड उच्चारता येत नव्हतं. 'नोत्र दाम देझांज' असं तीनदा सांगून पाहिलं, रिक्षावाल्याला कळेना. मग तोच म्हणाला, "कप्स कोविल?" कापुचिन फादरांवरून पडलेलं ते नाव तुम्हीच मला नंतर उलगडून सांगितलंत. द्युमा रस्त्यावरचं, १८५५ साली बांधलेलं ते चर्च. तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची उपासना, तमिळमध्ये होते, इंग्रजीत होते नि फ्रेंचमध्येही. मी चुकून फ्रेंच मिस्साला येऊन बसले आणि उठून जायची लाज वाटली म्हणून बसून राहिले.

मोजकी माणसं होती. फ्रेंच सैन्यात नोकरी केलेल्या, इथे ज्यांना सगळे 'सोल्दा' म्हणतात त्यांच्या घरातली म्हातारी मंडळी, फ्रान्सहून येऊन राहिलेलं एक जोडपं, केरळच्या दोन सिस्टर. मी मुकी. शांती द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही वळलात, माझा हात दोन्ही हातांत घेतलात आणि "ला पे द्यु क्रिस्त", ख्रिस्ताची शांती, म्हणालात. मी नुसतीच मान हलवली. तुम्ही हात सोडला नाहीत. पुन्हा म्हणालात, सावकाश, मी म्हणेपर्यंत.

त्यानंतर दर मिस्साच्या आधी अर्धा तास माझी शिकवणी. तुम्ही म्हणायचं, मी वहीत देवनागरीत उतरवायचं: "ए आवेक व्होत्र एस्प्री", आणि तुमच्या आत्म्याबरोबरही. 'नोत्र पेर'ला, म्हणजे 'हे आमच्या बापा' या प्रार्थनेला, मात्र आपण अडखळलो, कारण तुम्ही स्वतःच दोनदा वेगवेगळं म्हणालात! लहानपणी क्लुनीच्या सिस्टर्सनी शिकवलेल्या प्रार्थनेत देवाला 'तुम्ही' होतं, 'व्होत्र नों'. १९६६ साली ते बदलून 'तों नों' झालं, म्हणजे 'तुझं नाव'. पुढे २०१७ च्या आगमनकाळात, नाताळाआधीच्या आठवड्यांत, मोहाबद्दलची ओळ बदलली. 'आम्हांला मोहाच्या ताब्यात देऊ नकोस' जाऊन 'मोहात शिरू देऊ नकोस' आलं. एका जन्मात तुम्ही तीन 'नोत्र पेर' पाठ केलेत. आमच्याकडे देवाला पहिल्यापासून तूच, असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "आणि आईला?" आईलाही तूच. तुम्ही किती वेळ माझ्याकडे बघत राहिलात.

माझी आई गेली तेव्हा मी मातीला कशीबशी पोहोचले. महिन्याच्या मिस्साला जाणं मात्र जमेना, सुट्टी उरली नव्हती. मी तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की त्या दिवशी घरचे सगळे चर्चमध्ये असतील आणि मी इथे. तुम्ही काही बोलला नाहीत. गेलात ते थेट सॅक्रिस्टीत, फादरांच्या तयारीच्या खोलीत. मी दारातून पाहिलं: फादर समोर उभे, आणि तुम्ही त्यांच्याकडून माझ्या आईचं नाव घोकून घेताय. एकदा, दोनदा, पाचदा. नाव बरोबर झालं, मग गावाचं नाव. अल्तारावरून, वेदीवरून, ते नाव आलं तेव्हा आमच्या गावातले फादर घेतात तसंच आलं, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी तुम्ही मला पुढे ढकललंत. "तुझ्या भाषेत," म्हणालात. मी दोन ओळी मराठीत म्हटल्या. तांबडं लुगडं नेसून पहाटे मिस्साला निघणारी, चष्मा लावून 'सुवार्ता' मासिक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारी माझी आई, तिला विसावा दे, एवढंच. तिथल्या कुणाला त्यातलं अक्षर कळलं नसेल. तरी सगळ्यांनी एका आवाजात उत्तर दिलं, "सेन्यर, नू त प्रियों." हे प्रभू, आम्ही तुझी प्रार्थना करतो.

'नोत्र पेर' सुरू झालं तेव्हा तुमचा आवाज माझ्या कानाशी होता. तुम्ही 'व्होत्र नों' म्हणालात, लहानपणचं. डोळे पुसत होतात, म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते आहे.

मादाम, मेर्सी हा शब्द मला तुम्हीच शिकवलात, पण माझ्या पोटातून येतो तो शब्द 'आभार' हाच. मनापासून आभार. फादरांचेही, आणि त्या दिवशी मला मिठी मारणाऱ्या प्रत्येकाचे.

गावाहून सुकेळी आणली आहेत, आमच्या वसईची, उन्हात वाळवलेली केळी. दातांना थोडी चिवट लागतील, बारीक कापून आणते. पंख्याखालचं आपलं बाक धरून ठेवा.

तुमची,
वसईची मुलगी