डॅशबोर्डवरील इशारा-दिव्यांचे ज्ञान परवान्याच्या परीक्षेत हवे

संपादक महोदय,

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील अकराव्या नियमानुसार शिकाऊ परवाना मागणाऱ्या उमेदवाराला रस्त्यावरील चिन्हे व सिग्नल, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर घ्यायची काळजी आणि जवळ बाळगायची कागदपत्रे यांची माहिती आहे का, हे तपासले जाते. हे सर्व आवश्यकच आहे. मात्र त्याच चालकाच्या डोळ्यांसमोर, स्टिअरिंगच्या मागे जी चिन्हे पेटतात, त्यांचा या यादीत कोठेही उल्लेख नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि आजही माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गॅरेजमध्ये माझे जाणे-येणे असते. तेथे येणाऱ्या गाड्या पाहून माझे ठाम मत झाले आहे की ही उणीव तातडीने भरून काढली पाहिजे, कारण दिवा वेळीच वाचता न आल्यामुळे किरकोळ खर्चात निभावणारे काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते, आणि ब्रेकच्या बाबतीत तर ते माणसांच्या जिवावर बेतू शकते.

मुळात हे दिवे समजायला अवघड नाहीत. त्यांची चिन्हे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली असल्यामुळे कंपनी बदलली तरी ती फारशी बदलत नाहीत. लाल दिवा म्हणजे गाडी सुरक्षित जागा पाहून लगेच थांबवावी, पिवळा म्हणजे लवकरात लवकर तपासून घ्यावी आणि हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी यंत्रणा चालू आहे, एवढे जरी प्रत्येकाला ठाऊक असले तरी पुष्कळ नुकसान टळेल.

सर्वात जास्त गैरसमज तेलाच्या बुधलीच्या आकाराच्या लाल दिव्याबद्दल आहे. तो इंजिन ऑइल कमी झाल्याचे सांगतो, असे बहुतेकांना वाटते, आणि म्हणून डिपस्टिकवर ऑइल पुरेसे दिसले की लोक निर्धास्तपणे गाडी पुढे नेतात. प्रत्यक्षात तो ऑइलचे प्रेशर सांगतो. इंजिनच्या ब्लॉकवर, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास, अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. जुन्या, साध्या रचनेत चावी ऑन केली पण इंजिन चालू नसले, तर ऑइलला प्रेशर नसते, स्विचमधील संपर्क बॉडीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेला राहतो आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू होऊन पंप फिरू लागला की ऑइल आतील पडद्याला ढकलते, संपर्क तुटतो आणि एक-दोन सेकंदांत दिवा विझतो. चालत्या गाडीत तो पुन्हा पेटला, तर प्रेशर साधारणपणे अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली गेले आहे, असा त्याचा अर्थ असतो. मग ते पंप झिजल्यामुळे असो, जाळी गाळाने तुंबल्यामुळे असो, की बेहिशेबी उंचीच्या गतिरोधकावर चेंबर आपटून फुटल्यामुळे असो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, तो पंपाकडून सतत पुरवठा होत असेल तरच टिकतो. तो संपला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन सीझ होते, म्हणजे जाम होऊन बंद पडते. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ एवढाही अवकाश या दिव्यात नसतो. चावी बंद करून गाडी ओढून नेणे हाच त्यावरचा एकमेव उपाय आहे.

याच स्विचमुळे आणखी एक गोष्ट कळते, जी मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात दाखवत असे. वर सांगितलेल्या रचनेत स्विचची वायर काढून टाकली, तर दिवा कधीच पेटत नाही. वायर तुटलेली गाडी आणि ठणठणीत गाडी या दोन्ही चालत असताना चालकाला सारख्याच दिसतात. त्यांतील फरक ओळखण्याची एकच वेळ असते, ती म्हणजे चावी ऑन केल्यानंतरचे काही क्षण. त्या वेळी सगळे दिवे एकदम पेटतात, ते दिवे आणि त्यांच्यामागची यंत्रणा शाबूत आहे हे चालकाला दिसावे म्हणून. जो दिवा त्या वेळी पेटत नाही, तो सर्वात धोक्याचा. पूर्वी चावी फिरवताना ही पाहणी आपोआप होत असे. आता बटणाच्या गाड्यांत ब्रेक दाबून बटण दाबले की इंजिन लगेच सुरू होते आणि नजर मोबाइलच्या नकाशाकडे गेलेली असते. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबले, तर बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू न होता दिवे पेटतात, हे गाडी विकणाऱ्याने ताबा देताना सांगायला हवे.

दुर्दैवाने या पाहणीलाही फसवण्याची युक्ती बाजारात आहे. अपघातात उघडलेल्या एअरबॅग नव्या बसवण्याचा खर्च मोठा असतो. तो टाळायचा आणि गाडी विकायचीही असेल, तेव्हा एअरबॅगच्या दिव्याची वायर चार्जिंगच्या किंवा ऑइलच्या दिव्याला जोडली जाते, म्हणजे चावी ऑन करताच तो पेटतो, इंजिन सुरू झाल्यावर विझतो आणि गिऱ्हाइकाला सर्व काही ठीक वाटते. अशा गाड्या मी स्वतः पाहिलेल्या आहेत. हे नुसते व्यवहारातले लबाडीचे प्रकरण नाही. पुढे कधीतरी त्या गाडीत बसलेल्या कुटुंबाची ती घोर फसवणूक आहे आणि ती करणाऱ्यावर फौजदारी कारवाई व्हावी, असे मला वाटते. चालकासमोरची आणि शेजारच्या सीटची एअरबॅग आपण कायद्याने सक्तीची केली; तिचा दिवा खोटा आहे का, हे पाहण्याची व्यवस्था मात्र उभी केली नाही.

ब्रेकच्या लाल दिव्याची गोष्टही अशीच नीट समजून घेण्यासारखी आहे. तो पेटला की लोक प्रथम हँडब्रेक पाहतात, ते योग्यच. पण हँडब्रेक पूर्ण खाली असूनही घाटातल्या वळणावर किंवा उतारावर दिवा क्षणभर लुकलुकतो, तेव्हा ‘वायर लूज असेल’ म्हणून तो सोडून दिला जातो. ब्रेक ऑइलच्या टाकीत एक तरंगता स्विच असतो. पॅड झिजत जातात तसे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतले ऑइल खाली उतरते, आणि पातळी खुणेपाशी आली की गाडी कलंडताच तो स्विच लागतो. म्हणजे तो लुकलुकणारा दिवा पॅड संपत आल्याची किंवा कोठेतरी गळती असल्याची पहिली सूचना असते. वरून ऑइल ओतून तो विझवणे म्हणजे ही सूचनाच पुसून टाकणे होय. चाके लॉक होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेचा पिवळा दिवा एकटा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाके लॉक होऊ शकतात. बहुधा दोष चाकाजवळच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेल्या चिखलाचा किंवा उंदरांनी कुरतडलेल्या वायरचा निघतो. मात्र पिवळा आणि लाल दोन्ही एकदम पेटले, तर मागच्या चाकांवरील ब्रेकचा जोर आवरणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते आणि ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू फिरू शकते. अशा वेळी प्रवास तेथेच थांबवावा.

मे महिन्याच्या सुट्ट्यांत खंबाटकी घाटाच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आम्हा सातारकरांना नवी नाही. अलीकडच्या अनेक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, इंजिन थंड असताना निळा आणि प्रमाणाबाहेर तापल्यावर लाल, एवढे दोनच दिवे असतात. माझ्या मते हा बदल चुकीचा होता, कारण काटा हळूहळू वर चढताना दिसत असे आणि चालकाला आधीच सावध होता येई. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधील द्रवाचा, सेन्सर साधा असतो; तापमान वाढते तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून संगणक अंश ठरवतो. पण तो कूलंटमध्ये बुडालेला आहे, हे त्यात गृहीत असते. होज फुटून कूलंट वाहून गेले, तर सेन्सर हवेत आणि वाफेत लटकतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवू शकतो. तेव्हा लाल दिवा पेटून आपोआप विझला म्हणून इंजिन थंड झाले असे समजू नये. एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आत दाबाखाली असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते, ते झाकण उघडताच उसळून तोंडावर येते.

चेक इंजिनचा पिवळा दिवा हा आज गॅरेजवाल्यांच्या आणि मालकांच्या वादाचा मुख्य विषय झाला आहे. आपल्याकडे ओबीडी नावाची स्वयंतपासणी व्यवस्था २०१० पासून आली आणि तिचा दुसरा, अधिक कसोशीचा टप्पा एप्रिल २०१३ पासून. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की कोड दिसतो. पण कोड दोषाचे लक्षण सांगतो, कोणता भाग बदलायचा हे सांगत नाही. उदाहरणार्थ पी-०१७१ हा कोड आला की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढेच कळते. अनेक ठिकाणी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलून बिल लावले जाते. तपासून पाहिले तर इनटेकवरचा रबरी पाइप चिरलेला असतो आणि त्या चिरेतून न मोजलेली हवा आत जात असते. सेन्सर बिचारा खरेच सांगत होता. याहून वाईट प्रथा म्हणजे कारण न शोधता कोड उडवून गाडी परत देणे. दिवा काही दिवस विझतो आणि दोष कायम असल्यामुळे पुन्हा पेटतो. आणि हा दिवा जर स्थिर न राहता उघडझाप करत असेल, तर इंजिन मिसिंग मारत आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेट घेत आहे, असे समजावे. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप दिलेली चिनी मातीसारखी जाळी त्या उष्णतेने वितळू शकते. अशा वेळी एक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी लवकर थांबवावी.

पीयूसी केंद्रावर सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासतात. चेक इंजिनचा दिवा पेटलेला आहे का, हे पाहताना मी तेथे आजवर कोणाला पाहिलेले नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून वार्षिक तपासणीत हा दिवा पेटलेला आढळला तर गाडी नापास होते. आपल्याकडेही हे सहज करता येईल, आणि स्कॅनर लावला तर कोड नुकताच उडवला आहे का, हेही कळेल, कारण कोड उडवल्यावर संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि त्या पुऱ्या व्हायला गाडी काही दिवस चालवावी लागते. जुनी गाडी घेणाऱ्याने हे एवढे जरी तपासून मागितले, तरी त्याचे पैसे वाचतील.

ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याची चर्चा वारंवार होते, म्हणून टायरच्या दिव्याबद्दल एक गोष्ट नमूद करतो. काही गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतो; कोणते चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरते, यावरून हवा कमी असल्याचे ओळखले जाते. चारही टायरची हवा सारखीच कमी झाली, तर असा दिवा पेटेलच असे नाही. निघण्यापूर्वी गेजने हवा तपासण्याला पर्याय नाही.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे की शिकाऊ परवान्याच्या प्रश्नसंचात ऑइल, ब्रेक, तापमान, चार्जिंग, एअरबॅग आणि चेक इंजिन या सहा चिन्हांवरचे प्रश्न घालावेत. ड्रायव्हिंग स्कूलसाठी नियमांनी ठरवून दिलेल्या अभ्यासक्रमात वाहनाची यंत्रणा हा भाग आहेच. तो कागदावर न राहता शिकवला जातो का, हे पाहावे. गाडीसोबतचे माहितीपुस्तक मराठीतही देण्यास कंपन्यांना सांगावे. आणि आपल्या दैनिकाने एखाद्या रविवारच्या पुरवणीत या चिन्हांची रंगीत चौकट छापावी, म्हणजे ती कापून गाडीच्या कप्प्यात ठेवता येईल. तिच्यासाठी लागणारा मजकूर विनामोबदला लिहून देण्यास मी तयार आहे.

आपला,
मोटार मेकॅनिक विभागाचा एक निवृत्त शिल्पनिदेशक,
सातारा