एकाचा सरतपास, दुसऱ्याचा उलटतपास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकीय मुलाखतींमधील पक्षपाताचा विषय निघाला की बहुधा मोठ्या उद्योगसमूहांच्या वृत्तवाहिन्यांकडे बोट दाखवले जाते, आणि ते गैर नाही. मला मात्र वाचक-प्रेक्षकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या स्वतंत्र माध्यमांविषयी लिहायचे आहे. अशा दोन माध्यमांची वर्गणी मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरतो, त्यामुळे ही तक्रार त्यांच्या विरोधकाची समजू नये.

माझी सारी नोकरी न्यायालयात लघुलेखक म्हणून साक्षीपुरावे टिपण्यात गेली. ज्या पक्षाने साक्षीदार आणला, त्याचा वकील सरतपास घेतो आणि त्या वेळी उत्तर सुचवणारा प्रश्न विचारला, तर विरुद्ध बाजू हरकत घेते. उलटतपासात मात्र सूचक प्रश्नांना मुभा असते. 1872 च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. स्वतंत्र माध्यमांवरील मुलाखती ऐकताना मला हाच फरक सतत जाणवतो. सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता आला की त्याचा कसून उलटतपास होतो, जो व्हायलाच हवा, पण विरोधी पक्षाच्या नेत्याला "संस्था दुबळ्या केल्या जात आहेत, असे आपल्याला वाटते ना?" अशा धर्तीचे प्रश्न येतात. तेथे हरकत घेणारे कोणी नसते.

एक उदाहरण आमच्या शहराशी संबंधित आहे. सोलापूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबत गेली. याच विषयावर एका मुलाखतीत महाविकास आघाडीतील एका नेत्याने सगळा दोष महायुती सरकारवर टाकला आणि मुलाखतकार मान हलवून पुढच्या विषयाकडे वळले. प्रभागरचनेचे, म्हणजे निवडणुकीसाठी शहराचे प्रभाग पाडण्याचे, अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेणारे विधेयक विधिमंडळाने त्याच मार्च महिन्यात मंजूर केले, तेव्हा सरकार महाविकास आघाडीचेच होते आणि त्या वेळच्या विरोधकांनीही त्याला पाठिंबा दिला होता. एवढा एक उपप्रश्न विचारला असता, तर दोन्ही बाजूंची जबाबदारी आम्हा सोलापूरकरांसमोर आली असती. इथे ज्यांच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यांना जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत आपल्या प्रभागात नगरसेवक का नव्हता याचे अर्धे उत्तर पुरत नाही.

स्वर कठोर असणे म्हणजे पक्षपात, असे मी मानत नाही. मे 2024 मध्ये 'द वायर' या स्वतंत्र वृत्तसंकेतस्थळासाठी पत्रकार करण थापर यांनी निवडणूक रणनीतिकार प्रशांत किशोर यांची मुलाखत घेतली, तेव्हा हिमाचल प्रदेशात काँग्रेसचा पराभव होईल हे त्यांचे 2022 मधील भाकीत चुकल्याची आठवण करून दिली. आपण असे म्हटलेच नव्हते, असा किशोर यांचा पवित्रा होता आणि त्यांनी चित्रफितीचा पुरावा मागितला. पुढे कोणी कोणाची फजिती केली यावर बरेच दिवस वाद चालला. माझ्या मते प्रश्न पूर्णपणे रास्त होता, कारण नवे भाकीत करणाऱ्याला जुन्या भाकिताचा हिशेब द्यावाच लागतो. उणीव निराळी होती. साक्षीदाराला त्याच्याच पूर्वीच्या लेखी विधानाने खोडायचे असेल, तर त्यातील नेमका मजकूर त्याच्यापुढे ठेवावा लागतो, असा न्यायालयाचा नियम आहे. किशोर यांनी मे 2022 मध्ये ट्विटरवर गुजरात आणि हिमाचलमधील काँग्रेसच्या येऊ घातलेल्या पराभवाविषयी स्वतःच लिहिले होते. तो मजकूर त्याच क्षणी पडद्यावर दाखवला असता, तर पक्षपाताच्या आरोपाला जागाच उरली नसती.

सत्ताधारी मंडळी या माध्यमांकडे फिरकत नाहीत, ही अडचण खरी आहे. 2007 मध्ये नरेंद्र मोदी हे थापर यांची मुलाखत काही मिनिटांतच सोडून उठले होते. 17 मे 2019 च्या पक्षाच्या पत्रकार परिषदेत ते उपस्थित राहिले, पण प्रश्नांना अमित शहा यांनी उत्तरे दिली. एक बाजू येतच नसेल, तर दुसऱ्या बाजूचेच पाहुणे वाढणार हे मला समजते. तरीही जो येतो त्याला सवलत देणे हा त्यावरचा उपाय होत नाही. वर्गणीदारांचेही यात काही चुकते. आपल्या मताला दुजोरा मिळाला की आम्ही खूष होतो आणि आपल्या आवडत्या नेत्याला अडचणीचा प्रश्न गेला की वर्गणी बंद करण्याची भाषा करतो. जाहिरातदाराच्या दबावातून सुटलेले माध्यम अशाने आमच्या दबावाखाली येते. मी स्वतः तसे पत्र एकदा लिहिले होते आणि त्याचा मला आज खेद वाटतो.

निमंत्रण कोणी नाकारले, प्रश्न आधी पाठवले होते का, मुलाखत संपादित आहे की अखंड, हे प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी सांगावे, अशी विनंती मी दोन्ही माध्यमांना केली आहे. आपल्या दैनिकातील मुलाखतींनाही ती लागू व्हावी. आणि प्रभागरचनेचा वरील प्रश्न आपल्या सोलापूर प्रतिनिधींनी दोन्ही आघाड्यांच्या स्थानिक नेत्यांना त्याच शब्दांत विचारून, त्यांची उत्तरे शेजारी शेजारी छापावीत.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक,
जुळे सोलापूर