मॅजिशियनच्या खालच्या हाताबद्दल, ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

टॅरो म्हणजे भविष्य वाचायला वापरतात ते चित्रपत्ते. त्यांचा एक डेक, म्हणजे संच, मी कॉमिक्समधली पात्रं घेऊन काढतेय. त्यातलं पहिलं कार्ड, मॅजिशियन म्हणजे जादूगार, पूर्ण झालं. ते तुमच्यामुळे झालं, हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून हे जाहीर पत्र.

मॅजिशियनच्या जागी कोणाला बसवायचं, यावर मी अडले होते. एकीकडे कॉमिक्समधला जादूगार मँड्रेक. ली फॉकनं १९३४ मध्ये जन्माला घातलेला आणि इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे मराठीतही घरोघरी पोचलेला. दुसरीकडे मार्व्हल कॉमिक्समधला १९६३ चा मांत्रिक डॉक्टर स्ट्रेंज. मला स्ट्रेंजचं पारडं जड वाटत होतं, कारण त्याची जादू खरी. मँड्रेक नुसता नजरबंदी करतो, आणि नजरबंदी संपली की हातात काहीच उरत नाही.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. १९०९ च्या प्रसिद्ध टॅरो डेकमधलं, चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं काढलेलं मॅजिशियनचं कार्ड समोर ठेवलंत आणि म्हणालात, "अर्थ नंतर. आधी हात बघ."

उजवा हात वर, त्यात छडी. डावा हात खाली, बोट जमिनीकडे. इतकी वर्षं माझं लक्ष वरच्या हाताकडे आणि डोक्यावरच्या आडव्या आठाकडेच, म्हणजे अनंताच्या चिन्हाकडेच जायचं. वरून मिळालेलं खाली उतरवायचं, वापरात आणायचं, नाहीतर छडी नुसती मिरवायची, हे तुम्ही त्या खालच्या बोटावरून समजावलंत. मग टेबल. छडी, पेला, तलवार, नाणं. पुढच्या छप्पन्न कार्डांचे चारही गट त्याच्यासमोर मांडलेले आहेत आणि कुठलं उचलायचं हे त्यानं ठरवायचंय. कार्ड उलटं आलं तर? हत्यारं तीच, पण ती पडून राहिलेली, किंवा लोकांना फसवायला वापरलेली. पाठ केलेल्या अर्थांच्या याद्यांमधून मला हे कधीच दिसलं नसतं.

त्यानंतर तुम्ही जुन्या फ्रेंच मार्सेय डेकमधला बातलर, म्हणजे याच कार्डाचा जुना अवतार, काढलात, आणि माझा प्रश्नच बदलला. रुंद काठाची टोपी, टेबलावर पेले आणि फासे, म्हणजे आपल्या आठवडी बाजारातल्या गारुड्यासारखाच रस्त्यावरचा खेळिया. गूढविद्येचा साधक तो बराच नंतर झाला. मग नजरबंदी करणाऱ्याला या कार्डावरून हाकलायचं कसं? "तुझा मँड्रेक नजरबंदी कशासाठी करतो?" एवढंच तुम्ही विचारलंत. गुंडाच्या हातातलं पिस्तूल त्याला साप वाटतं, तो ते टाकून देतो आणि कोणाचा तरी जीव वाचतो. भास संपतो, वाचलेला माणूस उरतो. खालचा हात तो हाच!

स्ट्रेंजला मग त्याची खरी जागा मिळाली. मोटार अपघातात हात निकामी झालेला गर्विष्ठ शल्यविशारद, आपलं सगळं कौशल्य गमावल्यावरच शिकायला तयार होतो. तो बाराव्या कार्डावरचा उलटा टांगलेला माणूस आहे, आणि मला वाटतं, कॉमिक्समध्ये त्या कार्डाला याहून चपखल पात्र सापडणं अवघड आहे. त्याचा मूळ चित्रकार स्टीव्ह डिटकोनं त्याची बोटं ज्या मुद्रांमध्ये काढली आहेत, त्या तिथे वापरायच्या हे मी ठरवूनच टाकलंय.

आणखी एका गोष्टीचे आभार. कॉमिक्सचा डेक म्हटलं की टॅरोवाले बरेचदा नाक मुरडतात. तुम्ही उलट स्मिथच्या ठसठशीत काळ्या रेघा आणि सपाट रंग दाखवलेत, प्रत्येक कार्डाची चौकट दाखवलीत, चार गटांच्या त्या छप्पन्न दुय्यम कार्डांवरही तिनं प्रसंग कसे रंगवलेत ते दाखवलंत. चौकटीत गोष्ट सांगणं हे टॅरो आणि कॉमिक्स दोघांचंही काम आहे, हे त्या दुपारी मला पटलं आणि हात मोकळा झाला.

आता माझ्या कार्डावर मँड्रेक उभा आहे, उंच टोपी आणि झग्यासकट. टेबलावर चारही वस्तू आहेत. डावा हात मात्र चौकट मोडून खाली बाहेर आलाय, कॉमिक्समध्ये ठोसा चौकटीबाहेर येतो तसा. ते बोट कार्ड हातात धरणाऱ्याच्या अंगठ्यापाशी टेकतं.

पहिली छापील प्रत तुमच्यासाठी ठेवली आहे. तुमच्या टॅरोच्या वर्गात दाखवायची असेल तर खुशाल दाखवा, आणि विद्यार्थ्यांना त्यात काही खटकलं तर मला जरूर कळवा. पुढच्या कार्डाची, हाय प्रीस्टेसची, तीन कच्ची चित्रं घेऊन पुढच्या आठवड्यात येते.

तुमची कृतज्ञ,
डेकवाली