वर्गणीचे चार रकाने

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. राज्य इंग्रजांचे, शेतसारा तेच वसूल करत होते, धान्य वाहून नेणाऱ्या आगगाड्याही त्यांच्याच कह्यात होत्या. मग इथला दुष्काळी माणूस जगवण्यासाठी लंडनच्या लॉर्ड मेयरने लोकांपुढे झोळी का पसरावी, असे तू विचारले आहेस. गेले काही महिने मी याच विषयाचे वाचन करतो आहे, त्यामुळे उत्तर लांबले तर ते सोसून घे.

सुरुवात 1877 पासून करतो. आदल्या वर्षीचा पाऊस बुडाल्याने सोलापूर, नगर, सातारा, पुणे हा सगळा दख्खनचा पट्टा, त्याखाली म्हैसूर आणि मद्रास इलाखा होरपळत होता. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीला राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचा दरबार थाटात भरला आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल याला खर्चाला आळा घालण्यासाठी दुष्काळी मुलखात धाडले. हा टेंपल मोठा चमत्कारिक गृहस्थ. 1873-74 साली बिहारात टंचाई पडली तेव्हा याच माणसाने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक वाचवले होते. मृत्यू फार थोडे झाले, पण खर्च अफाट झाला म्हणून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. तो धडा त्याने इतका मनावर घेतला की, दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक रत्तल (म्हणजे एक पौंड, सुमारे अर्धा किलो) धान्य आणि वर एक आणा पुरे, असे त्याने ठरवून टाकले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी दीड रत्तल धान्य आणि त्याखेरीज भाजी-डाळ हवीच, असा आग्रह धरला होता. आपल्याकडे हजारो मजुरांनी या मजुरीवर राबायचे नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे मुख्यतः सार्वजनिक काका ऊर्फ गणेश वासुदेव जोशी यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले वृत्तांत सरकारपुढे एकामागून एक ठेवले. त्या वृत्तांतांची भाषा अर्जाची आहे, पण त्यात विनवणीपेक्षा हिशेब जास्त आहे, आणि मला वाटते की सरकारला नेमके तेच खुपले.

याच उन्हाळ्यात इथली माणसे स्वतःही मदत गोळा करत होती. सावित्रीबाई एप्रिल 1877 मध्ये ओतूरहून ज्योतिरावांना दुष्काळी भागाचे वर्तमान कळवतात, आणि मे महिन्यात ज्योतिराव सत्यशोधक समाजाच्या वतीने, धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमातील मुलांच्या अन्नासाठी, जाहीर विनंती करतात. आश्रमाला राणीचे नाव आणि खर्चाला लोकांचे पैसे, ही गोष्ट मला राहून राहून आठवते.

आता लंडनकडे वळतो. 4 ऑगस्ट 1877 रोजी मद्रासमध्ये जाहीर सभा भरली आणि तिथून ब्रिटनमधील शहरांच्या प्रमुखांना मदतीचे आवाहन गेले. मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम या सभेच्या पाठीशी होता. लिटनला मात्र ही खटपट मुळीच रुचली नाही, कारण इंग्रज जनतेपुढे हात पसरणे म्हणजे आपली व्यवस्था अपुरी पडली, अशी कबुली देण्यासारखेच होते. तरीही लॉर्ड मेयरच्या मॅन्शन हाउसमध्ये निधी उघडला गेला आणि काही महिन्यांतच त्यात पाच लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. मद्रासच्या समितीचा चिटणीस विल्यम डिग्बी हा वृत्तपत्राचा संपादक होता, आणि ते निव्वळ योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. तारायंत्राने चार ओळी धाडायच्या, त्या सकाळच्या पत्रात छापून आणायच्या, चर्चमध्ये रविवारी थाळी फिरवायची आणि देणाऱ्यांची नावे रकमेसह प्रसिद्ध करायची, असे हे सगळे यंत्र होते. त्याच काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मद्रासकडच्या उपाशी माणसांची छायाचित्रे काढली. हाडांचे सापळे ओळीने बसवून काढलेली ती चित्रे पाहताना कॅमेऱ्यामागच्या माणसाचा राग येतो, पण अशा चित्रांशिवाय दूर बसलेल्या दात्याला दुष्काळ दिसलाच नसता, हेही नाकारता येत नाही.

(मदतीचा ओघ नेहमी तिकडून इकडेच वाहत होता, असे मात्र समजू नकोस. 1846 साली कलकत्त्यात आयर्लंडच्या दुष्काळासाठी निधी उभा राहिला होता, आणि 1862 मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस बंद होऊन लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या तेव्हा तिथल्या कामगारांसाठी मुंबईनेही वर्गणी दिली होती. त्यावेळी कापसाच्या भावाने मुंबईचे व्यापारी गब्बर होत होते, ही गोष्ट जरा बाजूला ठेवू.)

तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मला 1877 मध्ये नव्हे, तर त्यानंतर वीस वर्षांनी सापडते. मधल्या काळात 1880 चा दुष्काळ आयोग झाला, दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचे याची नियमावली, तयार झाली आणि माणसाला उपासमारीने मरू न देणे हे सरकारचे काम आहे, असे निदान कागदावर तरी ठरले. मग 1896-97 चा दुष्काळ आला, तेव्हा वर्गणीसाठी काय उरले? त्या निधीचे चार रकाने आखले गेले. पहिला रकाना सरकारी शिध्याला जोड म्हणून थोड्याशा सुखसोयींचा, म्हणजे तान्ह्या पोरांना दूध, अंगावर घालायला कापड, पांघरायला घोंगडी अशा वस्तूंचा. दुसरा अनाथ मुलांच्या संगोपनाचा. तिसरा, दुष्काळी कामावर जाऊन खडी फोडणे ज्यांना अब्रूमुळे शक्य नव्हते, अशा गरीब पण प्रतिष्ठित कुटुंबांचा आणि पडद्यातल्या बायकांचा. आणि चौथा, ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना पुन्हा उभे करण्याचा, म्हणजेच बी-बियाणे आणि बैलजोडीचा. ही वाटणी नीट पाहा. पोट जेमतेम जिवंत ठेवण्यापुरते सरकार भरणार आणि त्यापलीकडे माणसाला माणूस ठेवणारे जे जे काही आहे, दूध, वस्त्र, लाज, उद्याची पेरणी, ते सगळे दात्यांच्या मर्जीवर सोपवलेले. संहितेने सरकारची जबाबदारी वाढवली हे खरे, पण ती कुठे संपते याची रेघही तिनेच ओढली, आणि वर्गणी त्या रेघेपलीकडे उभी केली गेली.

त्या निधीत सुमारे एक कोटी सत्तर लाख रुपये जमले, आणि तेही अशा वर्षी, जेव्हा मुंबई-पुण्यात प्लेग होता आणि राणीच्या हीरकमहोत्सवाची तयारी चालली होती. याच सुमारास सार्वजनिक सभेची माणसे ठाणे-कुलाब्याच्या खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांना, दुष्काळ संहितेप्रमाणे तुमचा हक्क काय आहे, हे समजावून सांगत होती, आणि टिळक ‘केसरी’तून तेच लिहीत होते. दान मागणाऱ्याला सरकारने आडकाठी केली नाही. हक्क सांगणाऱ्या सभेची मान्यता मात्र मार्च 1897 मध्ये काढून घेतली. तुला एवढ्यावरूनच सारे उमगेल.

1899-1900 च्या, म्हणजे विक्रम संवत 1956 मुळे ‘छप्पनचा’ म्हटल्या जाणाऱ्या दुष्काळाविषयी थोडक्यातच लिहितो. लॉर्ड कर्झनने सढळ हाताच्या दानाने लोकांचे स्वावलंबन खचते, असा इशारा देऊन ठेवला होता, इंग्लंडचे लक्ष दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाकडे होते, आणि मदत अनपेक्षित दिशांनी आली. न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज मका घेऊन मुंबईला आले आणि जयपूरच्या महाराजा माधोसिंगांनी पंधरा लाख रुपये देऊन दुष्काळासाठी कायमचा विश्वस्त निधी स्थापला. अनाथ मुलांसाठी मात्र ओढाताण झाली. मिशनरी मुले नेत होते, म्हणून लाला लजपतराय हिंदू अनाथांसाठी धावपळ करत होते, आणि पंडिता रमाबाई आधीच्या दुष्काळात मध्य प्रांतातून व या वेळी गुजरातेतून मुली आणून केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात ठेवत होत्या. रमाबाईंवर धर्मांतराचा आरोप त्या काळी झाला, आजही होतो. पण त्या मुलींना दुसरे कोण आणायला गेले होते, असे विचारल्यावर बहुतेक जण गप्प बसतात.

गुजरातेत त्या वर्षी गुरे इतकी मेली की चौथा रकानाच सर्वांत मोठा ठरला. मला सर्वांत अस्वस्थ करतो तोही हाच. एकीकडे निधीच्या पैशातून कुणब्याला बैल घेऊन दिला जात होता आणि दुसरीकडे शेतसाऱ्याची वसुली सक्तीने चालल्याच्या तक्रारी होत होत्या. जिल्ह्याच्या मदत समितीवर बहुधा कलेक्टरच असे, आणि वसुलीचा हुकूमही त्याच्याच कचेरीतून निघे. दूरदेशीच्या कुणा शिक्षकाने दिलेला शिलिंग बैलाच्या रूपाने गोठ्यात आला खरा, पण त्या बैलाच्या कष्टाचे पहिले पीक कोणाच्या खात्यात जमा झाले असेल, हे मात्र निधीच्या अहवालात शोधून उपयोग नाही. त्यासाठी महसुलाचे दप्तर उघडावे लागेल. तू इतिहास संशोधनासाठी अभिलेखागारात जातोस, तेव्हा पुढच्या खेपेस त्या वर्षांचे सारावसुलीचे कागद चाळून बघ आणि काय दिसते ते मला कळव.

घरी सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र