प्रश्नमंजूषेची उत्तरसूची आधी तपासा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह आणि ५ ते १२ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह आला की शाळा, वाचनालये, मंडळे यांच्या प्रश्नमंजूषांचा हंगाम सुरू होतो. वाघ, शिकार, मासेमारी, रानभाज्या, कायदा असे सगळे एकाच कागदावर येते, हे चांगलेच. पण बहुतेक प्रश्न जुन्या संचांतून उचललेले असतात. मग ज्या मुलाने विषय मनापासून वाचलेला असतो त्याचेच उत्तर चुकीचे ठरते आणि घोकणारा बक्षीस नेतो. आयोजकांनी थोडी मेहनत घेतली तर हे टळू शकते, म्हणून हे पत्र.

सर्वांत जास्त चुका कायद्याच्या प्रश्नांत सापडतात. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा, इतके सर्वांना पाठ असते. पण ‘या कायद्यात किती अनुसूची आहेत?’ या प्रश्नाला अजूनही ‘सहा’ हेच उत्तर बरोबर धरले जाते. २०२२ च्या दुरुस्तीने त्या चार झाल्या आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या दोन प्राण्यांसाठी, तिसरी वनस्पतींसाठी, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या प्रजातींसाठी. कावळा, उंदीर, फळे खाणारी वटवाघळे यांना ‘उपद्रवी’ ठरवणारी जुनी पाचवी अनुसूची आता नाही. सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी असलेली दंडाची कमाल रक्कमही २५ हजारांवरून एक लाखावर गेली. त्यामुळे कायद्यावरच्या प्रश्नात ‘सध्याच्या तरतुदीनुसार’ हे शब्द हवेतच, आणि प्रश्न काढणाऱ्याने सध्याची तरतूद उघडून पाहिलेली असावी.

‘शिकार म्हणजे काय?’ हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. ठार मारणे म्हणजेच शिकार, असे मुले धरून चालतात. कायद्याच्या व्याख्येत विष घालणे, फास किंवा सापळा लावणे, पकडणे, हाकारणे, आमिष दाखवणे हे सारे येते. पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, घरटी विस्कटणेही येते. म्हणून पर्याय असे द्यावेत: रानडुकरासाठी बांधावर लावलेला तारेचा फास, टिटवीच्या अंड्यांची केलेली हलवाहलव, सशामागे सोडलेले कुत्रे, रस्त्यावरूनच काढलेला चितळाचा फोटो. यांतली शिकार कोणती नाही? या एका प्रश्नाने दहा व्याख्यांचे काम होते.

आकड्यांचे प्रश्न घातक. ‘भारतात वाघ किती?’ या प्रश्नाला २०२२ च्या गणनेपुरतीच तीन उत्तरे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये किमान ३,१६७ हा आकडा जाहीर झाला. त्याच वर्षी जुलैत सरासरी अंदाज ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५ अशी आली. तिन्ही सरकारीच. प्रश्नात गणनेचे वर्ष आणि ‘सरासरी अंदाज’ हे शब्द नसतील तर परीक्षकाने भांडणाला तयार राहावे. चित्त्याचेही तेच. नोंदीतले शेवटचे तीन चित्ते १९४७ साली (आजच्या छत्तीसगडमधल्या) कोरिया संस्थानात मारले गेले. नामशेष झाल्याची अधिकृत घोषणा १९५२ ची. ‘चित्ता भारतातून कधी संपला?’ असे विचारले तर दोन्ही उत्तरे बरोबर. ‘अधिकृतपणे कधी जाहीर झाले?’ असे विचारले तर एकच.

नावांचा घोळ त्याहून मोठा आणि त्यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे. (रागावू नका.) शेतात किंवा शहरात शिरलेल्या गव्याला बातमीत सर्रास ‘गवारेडा’ म्हणतात. गवा हा गाय-बैलाच्या कुळीचा. रानम्हैस आणि तिचा रेडा हा प्राणी वेगळा, आणि आपल्याकडे तो गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या जंगलात उरला आहे. ‘हरीण’ हा शब्दही तसाच फसवा. ‘हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, चूक की बरोबर?’ चितळ-सांबराबाबत बरोबर, काळविटाबाबत चूक. प्रश्नात प्राण्याचे नाव लिहिले की वाद मिटला. जोडीला हेही विचारावे: जंगलात गळून पडलेले सांबरशिंग शोभेसाठी घरी आणता येते का? येत नाही.

मासेमारीवरचे प्रश्न शहरी आयोजक टाळतात किंवा दोन-तीन घालून मोकळे होतात. खरे तर सगळ्यात रसाळ भाग हाच. ‘मासेमारी कधी बंद असते?’ हा प्रश्न अर्धवट आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. दोन्हीकडे ६१ दिवस, आणि बंदी यांत्रिक नौकांना, बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना नाही. तेव्हा किनारा, राज्य आणि नौकेचा प्रकार प्रश्नातच यावा. तारखा त्या वर्षीच्या आदेशाशी ताडून पाहाव्यात.

गोड्या पाण्याची बंदी कॅलेंडरवर नसते. पहिल्या पावसात ओढ्यांतून, भातखाचरांतून वर येणारे चढणीचे मासे अंडी घालायला निघालेले असतात. ओढ्याला आडवा बांध घालून सगळे धरले तर पुढच्या वर्षी काय चढणार? ‘चढणीच्या माशात गाभोळी (पोटातली अंडी) का सापडते?’ हा प्रश्न घाटाखालच्या कोणत्याही मुलाला सुटतो, आणि पुस्तकी मुलाला विचार करायला लावतो.

जाळ्यांवरही विचारा. डोल म्हणजे पिशवीसारखे जाळे; ते ओढायचे नसते, रोवलेले असते. पाण्याची ओढ मासा त्यात आणते. मग उधाणाच्या (मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांपेक्षा भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत डोलीला मासा कमी का लागतो, याचे उत्तर आपोआप निघते. माशाच्या लांबीचा प्रश्न घालायचा असेल तर जपून. महाराष्ट्राने ५४ प्रजातींचे किमान कायदेशीर आकारमान ठरवले आहे, पण लांबी मुस्काटापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरायची की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे न लिहिता विचारलेला प्रश्न रद्दच करावा लागतो. स्थानिक नावे सगळी ग्राह्य धरा. मालवणची कुर्ली म्हणजे मुंबईची चिंबोरी; तिसऱ्या कुठे शिवल्या होतात, कुठे खुबे. उत्तरसूचीत एकच नाव लिहिले तर कोळ्याच्या पोराचे गुण जातात. उलट ‘हलवा हा पापलेटाचाच भाऊ’ हे उत्तर मात्र कापा: दिसायला तसा असला तरी त्याचे कूळ निराळे. राज्यमासा २०२३ पासून रुपेरी पापलेट आहे, तो हलवा नव्हे.

कासवाचा प्रश्न कृतीचा असावा. जाळ्यात ऑलिव्ह रिडले सापडले तर काय कराल? जाळे कापा, कासव समुद्रात सोडा, पुराव्यासाठी फोटो काढा आणि भरपाईचा अर्ज करा. संरक्षित जीव सोडवताना जाळ्याचे नुकसान झाले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून आहे. ही माहिती राजधान्यांची नावे पाठ करण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या घराला जास्त कामाची.

स्वयंपाकाचा विभाग ‘या पदार्थाचे नाव सांगा’ इथेच अडकतो. कारण विचारा. सकाळी घेतलेला बांगडा दुपारभर बर्फाशिवाय राहिला. रात्री कालवण खळखळून उकळले. आता खायला हरकत नाही ना? बहुतेक जण ‘हरकत नाही’ म्हणतात आणि चुकतात. बांगडा, तारली, कुपा अशा माशांत जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होते. उकळल्याने जिवाणू मरतात, हिस्टामाइन तसेच राहते. मग तोंड लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे. उपाय सुरुवातीलाच: माशाच्या वजनाइतका बर्फ, खाली थर, वर थर, आणि वितळलेले पाणी निथळून जायला वाट. त्याच पाण्यात मासा बुडून राहिला तर बर्फाचा पैसा वाया. बोंबील तळण्याआधी वजनाखाली का दाबतात (अंगात पाणी फार), शेवळाच्या रानभाजीत काकडे (काकड झाडाची आंबट फळे) किंवा चिंच का पडते (सुईसारख्या स्फटिकांमुळे घशाला सुटणारी खाज), हेही असेच प्रश्न.

मांडणीचे थोडक्यात. चाळीस प्रश्न पुरेत: पंचवीस पर्यायांचे, दहा फोटो किंवा ठशांचे, पाच कारणे द्यायचे. ठशाच्या फोटोशेजारी पट्टी ठेवलेली असावी. कुत्रा, तरस यांच्या ठशात नखे उमटतात, वाघ-बिबट्याच्या उमटत नाहीत, हे ओळखायला फोटो स्पष्ट हवा. संगणकाने बनवलेली चित्रे नकोत, त्यांत वाघाला कधी सहा बोटे असतात. जिवंत साप, कासव, घोरपड ‘दाखवायला’ आणणे हाच गुन्हा आहे. प्रत्येक प्रश्नाच्या कागदामागे उत्तर, एका ओळीत कारण, आधार आणि तो तपासल्याची तारीख लिहावी. ज्याने प्रश्न काढले नाहीत अशा दुसऱ्या माणसाने संपूर्ण संच सोडवून पाहावा. त्याला दोन उत्तरे सुचली की तो प्रश्न बदलावा. निकालाआधी हरकतींसाठी दहा मिनिटे ठेवा आणि प्रश्न चुकलाच असेल तर त्याचे गुण सगळ्यांना द्या, कारण रद्द केला तर अचूक उत्तर देणाऱ्याचेच नुकसान होते.

आपले,
वन्यजीव प्रश्नमंजूषांचे काही परीक्षक