थिबा राजवाड्याच्या गोष्टीतले सागवानी ओंडके

संपादक महोदय,

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याबद्दल पर्यटनाच्या पुरवण्यांत जे छापून येते, ते बहुधा राजापासून सुरू होऊन राजाशीच संपते. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले ब्रिटिशांच्या हाती पडली, १८८६ मध्ये तिथला पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत आला, १९१० मध्ये राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये तो वारला. ज्या कंपनीला राजाने केलेल्या दंडाचे निमित्त करून ब्रिटिशांनी ते युद्ध केले, ती मुंबईत स्थापन झालेली होती आणि आजही चालू आहे, हे सहसा कुणी लिहीत नाही. ही कंपनी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. तिची वाढ समजून घ्यायची तर आधी सागवान जंगलातून बाहेर कसे येत असे, ते पाहावे लागते.

ओले सागवान पाण्यात बुडते. म्हणून झाड उभे असतानाच वाळवतात. बुंध्याशी साल आणि त्याखालचे पांढरे लाकूड भेदून गाभ्यापर्यंत सलग खाच पाडायची, आणि झाड तसेच तीनेक वर्षे सोडून द्यायचे. खाचेत पांढऱ्या लाकडाची बोटभर पट्टी जरी राहिली तरी झाड जगते आणि ते वर्ष वाया जाते. उलट, वाळलेले झाड फार काळ उभे ठेवले तर ते तडकते किंवा उन्हाळ्यातल्या वणव्यात होरपळते. ब्रिटिश अमलाखालच्या ब्रह्मदेशात चांगल्या जंगलात छातीच्या उंचीवर साडेसात फूट घेर भरल्याशिवाय खाच पाडायची नाही, असा दंडक होता. ती खाचही वनखातेच पाडत असे, कंपनीच्या वाट्याला फक्त तोड आणि वाहतूक. झाड निवडणारा आणि झाड विकणारा एकच असू नये, हा त्यामागचा साधा हिशेब.

पुढचे काम हत्तींचे. ओंडक्याच्या टोकाला साखळी ओवायला भोक पाडायचे, मालकाच्या खुणेचा हातोडा मारायचा आणि ओंडका ओढ्याच्या पात्रात नेऊन टाकायचा. उन्हाळ्यात हत्तींना सुट्टी. पावसाळ्यात लोंढा आला की ओंडके मोठ्या नदीला लागतात. वाटेत ते एकमेकांत अडकून बांध तयार झाला तर तोही हत्तींनीच फोडायचा. पाऊस कमी पडला तर माल पुढच्या पावसाळ्यापर्यंत पात्रातच. हत्तींत काळपुळीची साथ आली तर एका हंगामात कळपच्या कळप मरतात. यातून वाचलेले ओंडके खाली पोहोचले की त्यांचे तराफे बांधून ते रंगूनच्या गिरण्यांकडे जात.

म्हणजे आज खाच पाडलेल्या झाडाचा पैसा हातात यायला चार-पाच पावसाळे सहज लागतात. तोवर हत्ती पोसायचे, माहुतांचे पगार द्यायचे, ठेकेदारांना उचल द्यायची. छोट्या व्यापाऱ्याचा इथेच दम तुटतो. बॉम्बे बर्माचे संस्थापक वॉलेस बंधू यांचा तुटला नाही, कारण एका भावाचे काम मुंबईत, दुसऱ्याचे ब्रह्मदेशात आणि १८६० च्या दशकापासून लंडनमध्येही घरचीच पेढी, अशी त्यांची मांडणी होती. १८६३ मध्ये त्यांनी बॉम्बे बर्मा उभी केली तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनीही समभाग घेतले. कारभार मात्र मॅनेजिंग एजन्सीच्या, म्हणजे कराराने दुसऱ्या कंपनीचा कारभार पाहणाऱ्या पेढीच्या, नात्याने त्यांच्या वॉलेस अँड कंपनीकडेच राहिला. सगळे समभाग न बाळगताही कुटुंबाचा कब्जा टिकवण्याची ही युक्ती भारतात पुढे शंभर वर्षे चालली आणि १९७० मध्ये कायद्याने बंद झाली.

आता त्या दंडाविषयी. निंग्यान भागातली राजाची जंगले कंपनीकडे ठेक्याने होती. तिथला माल सितांग नदीने टाँगूला ब्रिटिश हद्दीत उतरत असे. ऑगस्ट १८८५ मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे ह्लुटडॉने, निकाल दिला. कंपनीने ८० हजारांच्या घरात ओंडके नेले, शुल्क भरले ते सुमारे ३२ हजार ओंडक्यांचे, सबब सुमारे २३ लाख रुपये दंड. कंपनीने आरोप नाकारला. लाकडाच्या व्यवहारात केवळ नगांवरून निवाडा होत नाही, हे वखारीत उभा राहिलेला कुणीही सांगेल. पूर्ण मापाचा, कमी मापाचा आणि नाकारलेला, अशा तीन ओंडक्यांना तीन दर असले की सगळे भांडण कोणता ओंडका कुठल्या रकान्यात धरायचा यावर येऊन ठेपते. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या वह्या समोरासमोर ठेवाव्या लागतात. तसे झाले नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत थिबाने फ्रान्सशी करार केला होता, आणि कलकत्ता व लंडनला खरी धास्ती त्याची होती. २२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यावर फौजा निघाल्या आणि पंधरवड्यात मंडाले पडले. कंपनी खोटी होती की राजा लोभी होता, या वादात आम्हाला रस नाही. लाकडाचा एक न सुटलेला हिशेब राज्य बुडवायला पुरेसे निमित्त ठरला, एवढे मात्र नोंदवले पाहिजे.

त्यानंतर कंपनी फोफावली. दोन महायुद्धांच्या दरम्यान तिच्याकडे सुमारे दोन हजार हत्ती होते. १९४२ मध्ये जपानी आले आणि १९४८ नंतर स्वतंत्र ब्रह्मदेशाने जंगलाचे ठेके काढून घेतले. कंपनी तरली, कारण तिने आधीच दक्षिण भारतात चहा-कॉफीच्या मळ्यांत पैसा घातला होता. पुढे ती वाडिया समूहात आली. आज ब्रिटानियाचा निम्म्याहून किंचित अधिक हिस्सा तिच्या छत्राखाली आहे. गंमत अशी की या वाडियांचे पूर्वज लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले तेही सागवानाची जहाजे बांधायलाच. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे.

आमची मागणी साधी आहे. राजवाड्यात एका भिंतीवर ओंडक्याचा हा प्रवास खाचेपासून तराफ्यापर्यंत चित्रांत मांडावा, आणि शेजारी दंडाचे आकडे द्यावेत. दुसरे, आपल्या प्रतिनिधीने तामिळनाडूत मांजोलईला, म्हणजे याच कंपनीच्या चहामळ्यांच्या ठिकाणी, जाऊन यावे. सिंगमपट्टी जमीनदारीकडून १९२९ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतलेली सुमारे ८,३७४ एकर वनजमीन कंपनीला २०२८ मध्ये सोडावी लागणार आहे, आणि तिथल्या मळेकामगारांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे.

– लाकूड-व्यवसायातील काही वाचक, रत्नागिरी