प्रबंध कपाटात, मुदत माझी संपली

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी मला माझ्या विद्यापीठाचं पत्र आलं. पीएच.डी.च्या नोंदणीची 6 वर्षांची मुदत संपली आहे, शुक्रवारपर्यंत पुनर्नोंदणी शुल्क भरा, नाहीतर नोंदणी रद्द. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण माझी तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे.

साहेब, प्रबंध मी 14 महिन्यांपूर्वीच जमा केलाय. त्याच इमारतीत, त्याच टेबलावर. पोचपावती आहे, शिक्क्यासकट. उत्तरपत्रिका तपासायला मास्तरांनी उशीर केला म्हणून पोरगी नापास, असा हा न्याय.

प्रबंधाचं मूल्यमापन जमा केल्यापासून 6 महिन्यांत पुरं व्हावं, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2016 चे नियम सांगतात, 2022 चेही सांगतात. आमच्या विभागात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मॅडम, बाहेरच्या परीक्षकांचा मेल आला नाही." शिमग्यानंतरही हेच, दिवाळीआधीही हेच. फेब्रुवारीत शेवटी कपाट उघडून दाखवलं. माझ्या चारही प्रती सुतळीत बांधलेल्या, मी दिल्या तशाच. वरच्या प्रतीच्या सोनेरी अक्षरांवर चहाच्या कपाचा गोल डाग. मेल कुठून येणार? प्रबंध कोणाला गेलेलाच नव्हता!

आणि नियम आम्ही किती पाळले ते ऐका. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क, दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे सादरीकरण. 2016 च्या नियमांखाली नोंदणी, म्हणून एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणं. (2022 मध्ये ती अट काढली. आमच्या नशिबी जुनीच.) मग साम्यतपासणीचा, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना याचा अहवाल, 10 टक्क्यांच्या आत.

विषय सोलर इन्व्हर्टरचा. पॅनेलमधली डीसी वीज ग्रिडला, म्हणजे वीजजाळ्याला, देताना करंटमधले हार्मॉनिक्स, म्हणजे लहरीतली नको असलेली भेसळ, 5 टक्क्यांच्या आत ठेवायचे, एवढंच. एवढंच म्हणते, पण त्यात तीन वर्षं गेली. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, एकच, त्याचा एक चॅनेल मेलेला. स्विच चालू-बंद करणाऱ्या गेट ड्रायव्हरची वेळ मायक्रोसेकंदाने चुकली की आयजीबीटी, म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक स्विच, फट्कन जायचा, दोन दिवस नाकात जळका वास. मग शनिवारी डोंबिवलीहून लोकलने दादर, गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानामागून दुकान. "ओरिजिनल आहे ना?" विचारलं की दुकानदार हसायचा. सगळं पदरचं. हिशेब ढोबळ आहे, पण लाखाच्या वर गेले असतील. नवऱ्याने मोजायचं सोडून दिलं.

मला फेलोशिप नाही. जेआरएफवाल्यांना, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळालेल्यांना, महिना 37,000 रुपये मिळतात, तेही वेळेवर मिळतात का ते त्यांनाच विचारा. मी तासिका तत्त्वावरची. तास झाला तर पैसे, मे महिन्यात शून्य. सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएच.डी. लागते, पण त्याआधी सहायक प्राध्यापकाची कायम जागा भरावी लागते, आणि ती कोण भरणार? जाहिरात निघते, न्यायालयात जाते, मुरते. सेमीकंडक्टरच्या परिषदांना मात्र फुलांच्या कमानी. देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, त्यातले माझ्या लॅबच्या ऑसिलोस्कोपपर्यंत किती आले तेवढं कोणीतरी शोधून काढावं. त्यावरही एक पीएच.डी. होईल. सहा वर्षांत बसणार नाही.

विभागातल्या एकांनी सुचवलं, "बायकांना 2 वर्षं जादा मिळतात, अर्ज करा ना." ती सवलत ज्यांना लागते त्यांच्यासाठी आहे, साहेब. मला वेळ कमी पडलेला नाही. तुमच्या कपाटाला पडला.

मागणी छोटी आहे. प्रबंध जमा झाला त्या दिवशी विद्यार्थ्याची मुदत थांबली, असं एका ओळीचं परिपत्रक काढा. आणि परीक्षकांकडे प्रबंध कोणत्या तारखेला गेला, ते आम्हाला लेखी कळू द्या.

शुल्क मी काल भरलं. भांडायला शुक्रवारपर्यंत वेळ नव्हता, आणि नोंदणी गेली तर सहा वर्षं जातील. पावती देताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "प्रबंध कधी जमा करताय?"

आपली,
तासिका तत्त्वावरची एक प्राध्यापिका, डोंबिवली